राणीचे विराम

१

सासूबाई रोज संध्याकाळी राणी व्हायच्या.

दिवसभर त्या आमच्या घरातल्या साध्यासुध्या म्हातारबाई असायच्या. चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर चष्मा शोधायचा, चहा पिऊन कप खाली ठेवला की ‘आज मेलं कुणी चहाचंसुद्धा विचारलं नाही’ म्हणायचं, पोटच्या मुलाला मधूनच धाकटा भाऊ समजून अभ्यासाला बसवायचं. विस्मरणाचा आजार होता. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की संध्याकाळी अशा माणसांची घालमेल वाढते. वाद घालू नका, हो ला हो म्हणा.

बाहेरचा उजेड उतरला, खिडकीच्या काचेत आपलीच खोली दिसायला लागली, की त्या उठायच्या. वाकलेली पाठ सरळ व्हायची. त्यांच्या खोलीतूनच अडगळीच्या खोलीचं दार होतं. आत इस्त्रीचं टेबल, एक मोडका पंखा आणि रिकाम्या बॅगा. त्या दारासमोर खुर्ची ओढून बसायच्या, कडीवर हात ठेवायच्या आणि बोलायला लागायच्या.

“कोण आहे?”

थांबायच्या.

“मी जागी आहे. बोल.”

‘राणी जागी आहे’ या नाटकाचा हा शेवटचा प्रवेश. किल्ल्याला वेढा पडलाय, राणीची सगळी माणसं संपलीत, ती एकटी आतल्या दालनात आहे आणि बंद दारापलीकडे शत्रूचा दूत उभा आहे. दूत दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. राणीच बोलते, थांबते, ऐकते, उत्तर देते आणि शेवटी म्हणते, “आज नाही. उद्या ये.” पडदा पडतो. सासूबाईंनी उमेदीची सगळी वर्षं हे काम केलं. लग्न झालं, मूल झालं, नवरा गेला, पण राणी काही सुटली नाही. नाटकातले जुने लोक अजूनही त्यांना ‘राणीसाहेब’च म्हणत.

सुरुवातीला आम्हाला कौतुकच वाटलं. “घरबसल्या नाटक, तेही पहिल्या रांगेत,” नवरा म्हणायचा. मी स्वयंपाकघरात हात चालवत ऐकायची. मी कानाच्या दवाखान्यात काम करते. माणसाला काय ऐकू येतं आणि काय येत नाही, हे तपासायचं माझं काम. त्यामुळे असेल, पण मला त्यांच्या वाक्यांपेक्षा त्यांच्या थांबण्याचं नवल वाटायचं. नट थांबतो तेव्हा पुढचं वाक्य त्याच्या ओठावर तयार असतं. सासूबाई तशा थांबत नसत. समोरच्यानं लांबड लावली की आपण कसं ‘हं, हं’ करत, मधूनच कपाळाला आठी घालत ऐकून घेतो, तशा त्या थांबायच्या.

एकदा मी कपड्यांच्या घड्या ठेवायला त्यांच्या खोलीत गेले. त्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या.

“माझी माणसं संपली, धान्य संपलं,” त्या म्हणाल्या, “पण दाराची कडी माझ्या हातात आहे.”

मग थांबल्या. मान किंचित कलली. आणि राणीच्या नव्हे, आपल्या रोजच्या घरातल्या आवाजात, दाराच्या फटीशी तोंड नेऊन पुटपुटल्या,

“हळू बोल. सूनबाई घरात आहे.”

२

“आजार आहे अगं तो,” नवरा म्हणाला. “काल मला पाढे म्हणायला लावले तिनं. एकोणतीसचा अडला तर चक्क कान धरला.”

मला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा. दवाखान्यात नेऊन मी त्यांचे कानही तपासले होते. वयाच्या मानानं खणखणीत. शिवाय नसलेले आवाज ऐकणारे लोक मी कमी पाहिलेले नाहीत. कुणाला बंद पडलेला रेडिओ ऐकू येतो, कुणाला गेलेल्या बायकोची हाक. मेंदूला शांतता सोसत नाही, तो तिच्यात काहीबाही भरतो. हे मी रोज चार लोकांना समजावते.

त्याच सुमाराला इतिहासवाले आले. हे नाव नवऱ्यानं ठेवलेलं. निवृत्त शिक्षक होते आणि ‘राणी जागी आहे’च्या पहिल्यापासूनच्या प्रयोगांचा इतिहास लिहीत होते. सासूबाईंच्या आठवणी ऐकायला आले, तर सासूबाईंनी त्यांना नळ दुरुस्त करणारा माणूस समजून थेट बाथरूममध्ये नेलं. सज्जन माणूस, आत जाऊन नळ बघून आला.

चहा घेता घेता मग त्यांनीच मला सांगितलं, की मुळात या नाटकात दूताला आवाज होता. तीनदा बोलायचं, आणि तीनही वेळा तेच: “दार उघड.” पहिल्या प्रयोगाच्या वेळी दूत बोललाच नाही. पहिल्या राणीनं (त्या नटीला ते असंच म्हणत) वेळ मारून नेली. तो बोलल्यासारखं समजून ती थांबत गेली आणि उत्तरं देत गेली. प्रेक्षक गारठून गेले. त्या दिवसापासून दूताची वाक्यं कापली गेली ती कायमची.

“पण तो नट गेला कुठं होता?” मी विचारलं.

“तीच तर गंमत. तो म्हणे विंगेतच उभा होता. त्याच्या वाक्याची वेळ आली तेव्हा दुसरंच कुणीतरी बोललं, म्हणून तो गप्प राहिला.” इतिहासवाले हसले. “नट मंडळी! चुकलो असं म्हणतील तर शपथ.”

त्यांच्याकडे पहिल्या राणीच्या एका प्रयोगाची टेप होती. जुनी, खरखरणारी. दवाखान्यातल्या यंत्रांवर ती जरा साफ करता येईल का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. जेवणाच्या सुटीत टेप कॉम्प्युटरवर चढवली. माझ्या फोनमध्ये सासूबाईंचंही बोलणं होतं, एका संध्याकाळी टिपून ठेवलेलं. सहज म्हणून मी दोघींच्या आवाजाचे आलेख एकाखाली एक लावले.

पहिली राणी संथ बोलायची, शब्द तोंडात घोळवून. सासूबाई झरझर. दोघींच्या वाक्यांची लांबी कुठंच जुळत नव्हती. विराम मात्र जुळत होते. लहान तिथं लहान, मोठा तिथं मोठा. जणू एकाच कात्रीनं कापलेले. ‘दार उघड’ एवढं म्हणायला जितका वेळ लागेल त्याच्या कितीतरी पट लांब.

शेवटचा, सगळ्यात लांब विराम मी हेडफोन लावून ऐकला. टेपची खरखर. नुसती खरखर. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. आणि माझ्या लक्षात आलं, की माझी मान एका बाजूला कललीय आणि मी हळूहळू होकार देतेय.

हेडफोन काढून ठेवला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

घरी हे सांगितलं तर नवरा म्हणाला, “आईनं त्या पहिल्या राणीकडून उचललं असणार. चेले गुरूचा खोकलासुद्धा उचलतात.”

“आईंनी तिला कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनीच सांगितलंय.”

“आईनं! जिला आज सकाळी मी कोण ते सांगता आलं नाही, तिचं तू धरून चाललीस?”

बरोबरच होतं त्याचं.

३

मग सासूबाई वाक्यं विसरायला लागल्या.

आधी एखादा शब्द निसटायचा. मग अख्खी ओळ. एका संध्याकाळी मी पाय धूत होते आणि त्यांची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. धावत गेले. दोन्ही हातांनी त्यांनी कडी धरली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत.

“तो विचारतोय,” त्या म्हणाल्या. “मला आठवत नाहीये. सूनबाई, तो विचारतोय आणि मला आठवत नाहीये गं!”

एव्हाना मला सगळा प्रवेश पाठ झाला होता. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, “आज नाही. उद्या ये.”

त्यांनी ते दाराला सांगितलं. मग खांदे सैल पडले, पाठ पुन्हा वाकली आणि त्या मला म्हणाल्या, “चहाचं कुणी विचारलंच नाही आज.”

तेव्हापासून ते माझंच काम झालं. दवाखान्यातून मी लवकर निघायला लागले. भाजीबाजार, मैत्रिणी, सगळं बंद. उजेड उतरायच्या आत मला घरी असायलाच हवं. सासूबाई अडल्या की मी शब्द पुरवायची. होता होता त्या पहिल्याच वाक्याला अडायला लागल्या आणि सगळा प्रवेश मीच म्हणायला लागले, मागून त्या. एक दिवस त्यांना ताप होता, गुंगी होती. मी दारासमोर बसून एकटीनंच म्हटला. शेवटच्या विरामात मी मनात काही मोजत नव्हते, घड्याळाकडेही पाहत नव्हते. तरी तो कधी संपला ते मला कळलं. कसं कळलं, ते विचारू नका. आपल्याशी बोलणारा बोलायचा थांबला की आपल्याला कळतं, तसं.

त्या दिवशी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही. वैतागला.

“तू पण आजारी पडशील अशानं. उद्या मी घरी थांबतो. तू काही सांगायचं नाहीस, तिलाही काही म्हणू द्यायचं नाही. काय होतं ते बघूच.”

दुसऱ्या दिवशी तो थांबला. संध्याकाळ झाली. सासूबाई कडी धरून बसल्या, “कोण आहे?” म्हणाल्या आणि पुढं अडल्या. माझ्याकडे पाहायला लागल्या. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मानेनंच ‘नाही’ म्हटलं. सासूबाई रडायला लागल्या, लहान मुलासारख्या, आवाज न करता.

“आई, हे बघ, कुणी नाहीये आत,” नवरा म्हणाला. “बॅगा आहेत. पंखा आहे. कडी सोडत नाहीस तर थांब, मी ऐकून सांगतो तुला.”

तो पुढं झाला, दाराला कान लावला आणि आमच्याकडे पाहून हसला. मग त्याचं हसू तिथंच राहिलं, नुसतं ओठांवर. डोळे कुठंतरी लांब लागले. तो तसाच उभा राहिला, कितीतरी वेळ, सासूबाई थांबायच्या तेवढा वेळ. मग अगदी नकळत, दुकानात कुणी काही विचारावं आणि आपण मान हलवावी, तशी त्यानं मान हलवली.

झटका बसल्यासारखा मागं सरला.

“सांग तिला ते वाक्य,” तो मला म्हणाला. “सांग लवकर.”

मी सांगितलं.

काय ऐकलं ते त्यानं मला आजतागायत सांगितलेलं नाही. मीही दोनदा विचारून सोडून दिलं. आजार या शब्दाचा उच्चार मात्र त्यानं परत केला नाही.

४

नाटक पुन्हा रंगमंचावर येत होतं. इतिहासवाल्यांनीच ही बातमी दिली आणि तेच नव्या राणीला आमच्याकडे घेऊन आले. सुटीचा दिवस होता, सकाळची वेळ. पोरगी उंच, मोकळी, हसरी. आल्या आल्या सासूबाईंच्या पायाशी जमिनीवरच बसली.

“मावशी, मला काहीतरी शिकवा ना.”

सासूबाईंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला. त्या दिवशी त्या बऱ्याच शुद्धीवर होत्या. “म्हण,” त्या म्हणाल्या.

ती बसल्या जागीच म्हणायला लागली. तिचा ढंग निराळाच होता, घरगुती, जवळजवळ गप्पा मारल्यासारखा. मी कप भरत होते. पहिला विराम आला आणि माझा हात थांबला. दुसरा आला. मला आलेख लावायची गरज नव्हती.

“तू इतकी का थांबतेस?” ती झाल्यावर मी विचारलं. “दिग्दर्शकानं सांगितलं?”

“नाही हो. तो तर ओरडतो, जरा पटपट घे म्हणून. मला आपलं वाटतं, कुणाचं बोलणं मधेच तोडू नये.”

“कुणाचं?”

ती हसली. “हो, तेही आहेच म्हणा.”

मग तिनं सांगितलं, की शेवट बदललाय. या वेळी राणी ‘उद्या ये’ म्हणणार नाही. ती कडी काढते, दार उघडते आणि अंधार होतो. “किती वर्षं बायकांनी कडी धरून बसायचं, मावशी? तिला भीती कसली? उघडावं आणि बघावं तरी, कोण आहे ते.”

सासूबाईंनी तिचं मनगट पकडलं. “उघडायचं नाही, बाळ. उत्तर द्यायचं. रोज द्यायचं. उघडायचं नाही.”

“का पण?”

सासूबाई विचारात पडल्या. का, ते त्यांना आठवेना. ओठ नुसते हलत राहिले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण तो भाव मी कधी पाहिला नव्हता. बाजारात जड पिशवी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कुणीतरी म्हणावं, द्या इकडे, मी धरतो, तेव्हाचा तो भाव.

“तू उघडणार?” त्यांनी विचारलं. “नक्की?”

“नक्की, मावशी.”

“मग उघड,” त्या म्हणाल्या आणि तिचा हात थोपटायला लागल्या. “उघड गं बाई. उघड.”

पोरीला आशीर्वाद मिळाल्याचा आनंद झाला. जाताना ती माझ्याही गळ्यात पडली. दारापर्यंत तिला सोडताना मला काहीतरी बोलायचं होतं. पण काय बोलणार? की तुझं नाटक बदलू नकोस, कारण माझ्या सासूला संध्याकाळी भास होतात? मी तिला नीट जा म्हटलं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात येऊन गेलं, की आता कदाचित मला संध्याकाळी बाजारात जाता येईल.

५

दुपारचा प्रयोग होता. सासूबाईंचा सत्कार होता, म्हणून आम्हाला अगदी पुढच्या, पण कडेच्या खुर्च्या दिल्या होत्या. त्या कोपऱ्यातून नेपथ्याची मागची बाजू थोडी दिसत होती. राणीच्या दालनाचं दार म्हणजे एक चौकट आणि तिच्यात बसवलेली फळी. दारामागे काळं कापड ताणून बांधलं होतं. फळी आणि कापड यांच्यामध्ये माणूस राहू दे, खुर्चीसुद्धा मावली नसती. मी ते पुन्हा पुन्हा बघून खात्री करून घेतली.

शेवटचा प्रवेश सुरू झाला. थिएटर गच्च भरलेलं, पण कुणी खोकतही नव्हतं. माझ्या एका बाजूला नवरा, खुर्चीचे हात घट्ट धरून. दुसऱ्या बाजूला सासूबाई, ओठ हलवत, पण आवाज नाही.

“कोण आहे?” नव्या राणीनं विचारलं.

शेवटचा विराम आला. तो संपला हे मला कळलं, नवऱ्याला कळलं, सासूबाईंना कळलं. आम्ही तिघंही एकाच क्षणी जरा हललो. आणि नव्या राणीनं कडी काढून दार उघडलं.

मागे काळं कापड होतं. बाकी काही नव्हतं. हे मी शपथेवर सांगेन.

दिवे लगेच जायला हवे होते. ते क्षणभर तसेच राहिले. त्या क्षणात मी तिचा चेहरा पाहिला. तिची नजर आधी खाली होती, गुडघ्याच्या उंचीवर. मग ती हळूहळू वर जाऊ लागली. छातीपर्यंत, डोक्यापर्यंत, आणि तिथंही न थांबता आणखी वर, जणू समोर दुमडून बसलेलं कुणीतरी सरळ होत होतं. तिची मान मागं गेली. मग ती एक पाऊल बाजूला झाली. दारात पाहुणा आला की आपण होतो तशी. तिची नजर तिच्या शेजारून पुढं, दालनाच्या आत काहीतरी जाताना बघत वळली.

कापड हललंसुद्धा नव्हतं.

दिवे गेले. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गोंगाटात सासूबाई माझ्या कानाशी लागून स्वच्छ आवाजात म्हणाल्या, “सुटले बाई एकदाची.”

आम्ही मेकअपच्या खोलीत गेलो. नवी राणी घामानं भिजली होती, हसत होती, सगळ्यांचे हात हातात घेत होती. मी तिच्याकडे निरखून पाहिलं. छान होती. चांगली होती.

“ते बाजूला होणं फार छान सुचलं तुला,” दिग्दर्शक म्हणाला. “तालमीत नव्हतं. ठेवू या ते.”

“मी बाजूला झाले?” तिनं विचारलं.

तिथं एक लांब बाक होता. ती त्याच्या अगदी टोकाला बसली होती, अर्धी अधिक जागा मोकळी सोडून. कुणीतरी थकून तिच्या शेजारी टेकायला गेलं, तर ती पटकन म्हणाली, “इथं नको,” आणि स्वतःच गोंधळली.

६

त्या संध्याकाळी सासूबाई खुर्ची ओढून बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. परत कधीच नाही. संध्याकाळ झाली की खिडकीशी बसायच्या आणि रस्त्यावरची माणसं बघायच्या. आजार पुढं सरकतच होता. त्या बोलणं विसरल्या, आम्हाला विसरल्या, मग जेवणही विसरल्या. पण घाबरल्या नाहीत. एका दुपारी झोपेतच गेल्या. चेहरा शांत होता. नवरा खूप रडला आणि मग म्हणाला, “निदान त्यातून तरी सुटली.” एवढंच. त्या विषयावरचं त्याचं तेवढं एकच वाक्य.

मीही पुन्हा माणसात आले. बाजारात जायला लागले. दवाखान्यात उशिरापर्यंत थांबायला लागले. जे झालं त्याला मी मनातल्या मनात नावं देऊन टाकली. दोन दमलेली माणसं, एक म्हातारी, एक बोलकं दार. एकाच्या भीतीची दुसऱ्याला लागण होते, हे काही नवीन नाही. ती पोरगी गुणी नटी होती. तिनं दिसल्यासारखं केलं म्हणून मला दिसल्यासारखं वाटलं. नटीचं कामच ते.

इतिहासवाले सत्काराचे फोटो द्यायला आले तेव्हा कळलं, की नाटक जोरात चाललं आणि मग एकाएकी बंद झालं. नवी राणी यायचीच थांबली. आजारी नाही, भांडण नाही. “घराबाहेर पडत नाही म्हणे,” ते म्हणाले. “मी फोन केला होता. नीट बोलली हो. पण मी बोलत असताना मधेच कुणाला तरी म्हणाली, थांब जरा.”

मी फोटो घेतले आणि चहा ठेवायला उठले.

त्यानंतर काही दिवसांनी दवाखान्यात फोन आला. नव्या राणीच्या आई बोलत होत्या. घरी येऊन कान तपासता का, असं विचारत होत्या.

“मुलीचे?” मी विचारलं.

“नाही, नाही. माझे. मला हल्ली नको नको ते ऐकू येतं. मुलगी म्हणाली तुम्ही ओळखीच्या आहात. तिला एकटीला टाकून मला बाहेर पडता येत नाही, म्हणून म्हटलं.”

अशा तपासणीसाठी आमच्याकडे छोटं मशीन असतं, बॅगेत मावणारं. मी दुसऱ्याच दिवशी सकाळी गेले. का गेले? जाऊन बघितलं की काही नाही हे एकदा ठरून जाईल, म्हणून.

७

घर चौथ्या मजल्यावर होतं. उजेडी, नीटनेटकं. काकू, म्हणजे तिच्या आई, साठीच्या असतील, बारीक, कामसू चणीच्या. त्यांनी मला बाहेरच्या खोलीत बसवलं. समोर आतल्या खोलीचं दार होतं, सताड उघडं, आणि ते मिटू नये म्हणून खाली वीट लावलेली. आत पलंगाचं एक टोक दिसत होतं.

“झोपलीय का?” मी हळूच विचारलं.

“छे. झोपते कुठं?” काकू म्हणाल्या. “जेवते, बोलते, हसते. मला काही त्रास नाही तिचा. माझंच डोकं फिरलंय, ताई. वयानं होतं का हो असं? कान गेले की काहीबाही ऐकू येतं म्हणतात.”

“होतं कधी कधी,” मी म्हटलं. “कमी ऐकू यायला लागलं की मेंदू आपल्या मनचे आवाज भरतो. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. कानाला मशीन बसवलं की जातं.”

त्यांचा चेहरा इतका खुलला, की मला भरून आलं. “जातं? खरंच जातं?”

“बऱ्याचदा जातं.”

“मग बसवाच तुम्ही मला मशीन. दोन्ही कानांना बसवा.”

मी त्यांना खिडकीकडे तोंड करून बसवलं, हेडफोन लावला. बारीक शिटी ऐकू आली की बोट वर करायचं, असं समजावलं. त्या शाळकरी मुलीसारख्या ताठ बसल्या. मी मशीनच्या बटणावर हात ठेवला आणि सुरुवात केली.

पहिल्या आवाजाला बोट वर. दुसऱ्याला वर. मी आवाज कमी करत गेले. बोट वर. आणखी कमी. बोट वर. मला वाटत होतं, आता चुकतील, आता चुकतील. मनापासून वाटत होतं, की चुकाव्यात. पण त्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले होते. तरुण पोरींना ऐकू येत नाही इतका बारीक आवाजही त्यांनी टिपला.

मी हात मांडीवर घेतले. हे यांना कसं सांगायचं, याचा विचार करत राहिले.

तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. नाटकी अजिबात नाही. सकाळी घरात कुणाशीही बोलावं तसा.

“आईच आहे. कानाच्या बाई आल्यात तिला बघायला.”

मग ती थांबली.

मी तो विराम ओळखला. त्याची लांबी माझ्या अंगात मुरलेली आहे. पण आजवर तो नेहमी रिकामा असायचा, टेपवर, दारासमोर, थिएटरात, आणि आपण त्यात मान कलती करून बसायचो. आज तो रिकामा नव्हता.

शब्द मला कळले नाहीत. आवाज पुरुषाचा की बाईचा, तेही सांगता येणार नाही. तो पलंगाच्या उंचीवरून आला नाही, वरून आला, छताच्या कोपऱ्यातून, वाकून बोलल्यासारखा. एवढंच कळलं, की तो प्रश्न होता. शेवटाला सूर वर गेला.

“हो,” ती आतून म्हणाली. “बोलावते.”

काकूंचं बोट वर झालं होतं. वर केलेलं बोट त्यांनी खाली घेतलं नाही. दुसऱ्या हातानं हेडफोनचा एक कान हळूच बाजूला केला आणि माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर ते मघाचंच हसू होतं, सांभाळून धरलेलं.

“ते तुम्हीच वाजवलंत ना?” त्यांनी विचारलं. “मशीनमधून?”

त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून खाली उतरली आणि माझ्या हातांवर येऊन थांबली. दोन्ही हात माझ्या मांडीवर होते.